बारा वेढे जास्त

काटा चारवर येऊन थांबला आणि कॉइलवाली घाबरली.

तसं पाहिलं तर घाबरण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. मागच्या गल्लीतल्या शिवणक्लासवाल्या बाईंनी खोली गरम करायचा हीटर आणला होता. पिन सैल झाली होती, ती बसवून झाली होती. वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी मीटरवर लावायची, ही या दुकानाची रीत. हजार वॅटचा हीटर दोनशे तीस व्होल्टला चार पॉइंट पस्तीस अँपिअर घेतो, हे तिला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं कूस न बदलता सांगितलं असतं. काट्यानं चारचा आकडा ओलांडून पुढे जायला हवं होतं. तो चारवर गेला आणि बसल्या जागेवरून हलेना.

"लाइन कमी असेल," ती स्वतःशी म्हणाली आणि व्होल्टमीटरकडे पाहिलं. तिथे बरोबर दोनशे तीस. व्होल्ट कमीजास्त करायचा डिमर फिरवून तिनंच ते आणले होते.

मग तिनं हिशोब केला. दोनशे तीस भागिले चार, साडेसत्तावन्न ओहम. असायला हवे होते त्रेपन्नाच्या आसपास. दोनशे तीस गुणिले चार, नऊशे वीस वॅट. म्हणजे हजारातले ऐंशी वॅट कुणीतरी काढून घेतले होते. कुणी, ते तिला पक्कं ठाऊक होतं. असं करणारा माणूस तिच्या पाहण्यात एकच होता, तिचा नवरा. आणि तो काही वर्षांपूर्वी हीटरच्या तयार दांड्यांची पेटी सायकलला बांधून माल पोचवायला म्हणून निघाला, तो पोचलाही नाही आणि परतलाही नाही.

"झालं का हो?" शिवणक्लासवाल्या बाईंनी विचारलं.

"झालं. हा जुना आहे का तुमचा?"

"जुना कसला! गेल्याच आठवड्यात घेतलाय. खोकंसुद्धा अजून टाकलं नाही."

बाई हीटर घेऊन गेल्या. कॉइलवाली कितीतरी वेळ रिकाम्या मीटरसमोर बसून राहिली.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. मागे स्वयंपाकाचा ओटा, वर माळ्यावर झोपायची जागा. पुढच्या अंगाला खिडकीशी गुंडाळायचं यंत्र. त्यावर चिनी मातीचा दांडा आडवा चढवायचा, उजव्या हातानं मूठ फिरवायची, डाव्या हातानं तार ताणून धरायची, की दांड्यावर वेढ्याशेजारी वेढा बसत जातो. हजार वॅटला एकशे चाळीस वेढे. एकशे चाळीस झाले की यंत्राची घंटी वाजते.

नवरा मात्र घंटी वाजल्यावर थांबायचा नाही. बारा वेढे पुढे जायचा. तार वाढली की रेझिस्टन्स वाढतो, रेझिस्टन्स वाढला की करंट उतरतो, दांडा जरा कमी लाल होतो आणि वर्षानुवर्षं जळत नाही, असं त्याचं साधं गणित होतं. दुकानदार ओरडायचे, की अशानं तुझे दांडे बदलायला कोण येणार, आम्ही खायचं काय? तो हसून म्हणायचा, "ऐंशी वॅटनं कुणी थंडीनं मरत नाही."

तिला काम शिकवलं तेही त्यानंच. नव्या नवलाईच्या दिवसांत ती एकशे चाळीसवर थांबली की तो मागून यायचा, तिच्या हातावर आपला हात ठेवायचा आणि उरलेले वेढे स्वतः फिरवायचा. म्हणायचा, "हे बारा माझे." हात कोरडा आणि ऊबदार असायचा, तारेच्या कामानं बोटांना घट्टे पडलेले. पुढे ती तरबेज झाली आणि भांडून आपल्या पद्धतीनं काम करू लागली. घंटी वाजली की थांबायचं, तसूभरही पुढे नाही. "तुमचं तुमच्याजवळ, माझं माझ्याजवळ," ती त्याला म्हणाली होती. नवरा-बायकोच्या भांडणात दांडे दोन जातींचे झाले.

दुकानाची आणखी एक रीत होती. ज्यानं गुंडाळलं त्यानं स्वतःचा दांडा मीटरवर लावायचा नाही. आपल्या हातची चूक आपल्याला दिसत नाही, म्हणून तिचे दांडे तो तपासायचा, त्याचे ती. तो गेल्यावर तिचे दांडे लेक तपासायची. मग लेकीला दुसऱ्या गावी कारखान्यात नोकरी लागली आणि तपासायला कुणी उरलं नाही. रीत मोडायची नाही म्हणून तिचे दांडे न तपासताच बाहेर जाऊ लागले. आता याला हट्ट म्हणा की वेडेपणा. पण एकट्या राहिलेल्या माणसाला अशा रीतींचाच आधार असतो, हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल.

लेक आता तिला न्यायला येणार होती. घरमालकाला दुकानाची जागा हवी होती आणि लेकीनं तिकडे दोन खोल्या घेतल्या होत्या. कॉइलवालीनं तिला शब्द दिला होता, की थंडी संपेपर्यंत तुझ्या बाबांचं काही कळलं नाही तर येते. न कळण्याची तिनंही जवळजवळ तयारी केली होती. आणि नेमका आता काटा चारवर थांबला होता. या दारातून आपण निघून गेलो आणि मग तो आला तर? कुलूप बघून तो कुठे जाईल? या एका प्रश्नानं तिचा जीव टांगणीला लागला.

दुसऱ्या दिवसापासून तिनं नवीनच उद्योग सुरू केला. वायर न सोडवता करंट मोजणारा, लेकीनं दिलेला चिमटामीटर पिशवीत टाकायचा आणि काहीतरी निमित्त काढून लोकांच्या घरात शिरायचं. न्हाव्याच्या दुकानात ती केसांची टोकं कापायला गेली, जी तिनं जन्मात कधी कापून घेतली नव्हती. कोपऱ्यात नवा हीटर होता. न्हाव्याची पाठ वळताच तिनं दोनपैकी एका वायरीला चिमटा लावला, भिंतीवरच्या प्लगमध्ये व्होल्ट मोजले, मनात भागाकार केला. साडेसत्तावन्न. दातांच्या डॉक्टरकडे तिनं न दुखणारी दाढ दाखवली. बाहेरच्या बाकाखाली हीटर होता. साडेसत्तावन्न. लाल दांड्याकडे डोळे बारीक करून पाहत तिनं वेढे मोजले. एकशे चाळीस झाले, आणि पुढे बारा. शेजारी बसलेल्या आजोबांना वाटलं, बाई हीटरसमोर जप करतेय.

जिथे जाईल तिथे तो होता. आणि तो जवळ येत होता, याचीच तिला भीती वाटू लागली. शिवणक्लास मागच्या गल्लीत. न्हावी कोपऱ्यावर. दातांचा डॉक्टर तर समोरच्याच इमारतीत. त्या दांड्यांसमोर बसलं की अंगावर येणारी ऊब तिला ओळखीची वाटायची आणि त्याच वेळी मानेवर काटा उभा राहायचा. जिवंत आहे, जवळ आहे, हातानं काम करतोय, मग दारात का येत नाही? कुठल्या बंद खोलीत बसून दांडे गुंडाळतोय हा माणूस? कुणासाठी?

ती दुकानाचं दार किलकिलं ठेवू लागली. काम करताना मान वळवून मागे पाहू लागली. हल्ली सकाळी यंत्राची मूठ धरली की ती गार लागत नसे. बाकी सगळं लोखंड बर्फासारखं आणि मूठ तेवढी कोमट, कुणी नुकतीच सोडल्यासारखी. खिडकीतून ऊन येत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. त्या खिडकीत सकाळचं ऊन कधीच येत नाही हे तिला ठाऊक होतं, पण तिनं तिकडे काणाडोळा केला.

लेक आली ती दुपारच्या वेळी, दोन रिकाम्या बॅगा घेऊन. "आई, हे काय, अजून काहीच आवरलं नाहीस?"

"बस आधी. तुझे बाबा जिवंत आहेत."

लेकीनं बॅगा खाली ठेवल्या. आईचं सगळं ऐकून घेतलं. मग कारखान्यात दिवसभर मशीन तपासणाऱ्या मुलीनं जे विचारायला हवं तेच विचारलं. "व्होल्ट मोजलेस? की दोनशे तीस धरून चाललीस?"

"मला शिकवतेस? प्रत्येक ठिकाणी मोजले. डॉक्टरकडे दोनशे वीस होते, तिथे करंटही त्याच मानानं उतरला होता. भागाकार तोच आला."

"वेढे?"

"एकशे बावन्न. सगळीकडे."

बाबांचे बारा वेढे लेकीलाही ठाऊक होते. "हे सगळे हीटर घेतले कुठून लोकांनी?"

"गॅरंटीकडून."

गॅरंटी म्हणजे चौकातला हीटरवाला. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवावं लागलं असतं. पंख्यापासून पिनेपर्यंत काहीही विकताना "गॅरंटी माझी!" म्हणून छातीवर हात मारायचा. तो कॉइलवालीचं जुनं गिऱ्हाईक, तिचे सगळे दांडे तोच उचलायचा. दोघी समोर उभ्या राहिल्या तेव्हा तो चहा पीत होता.

"काका, या खोक्यातल्या हीटरचे दांडे कोण गुंडाळतं?" लेकीनं सरळच विचारलं.

"कोण म्हणजे? कंपनी. सीलबंद माल आहे पोरी, गॅरंटी माझी."

"भाऊजी," कॉइलवाली पुढे झाली, "खोटं बोलू नका. मला फक्त तो माणूस कुठे बसतो ते सांगा. मी कुणाला काही बोलणार नाही. तुमचे पाय धरते."

आता गॅरंटी माणूस लबाड होता, पण दगड नव्हता. त्यानं कप खाली ठेवला, इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "वहिनी, तुमच्यापासून काय लपवायचं. कंपनीचे दांडे महिन्यात जळतात, लोक येऊन माझ्या उरावर बसतात. म्हणून मी खोकं आल्यावर कंपनीचा दांडा काढतो आणि दुसरा बसवतो. टोकं क्लिपनं आवळली की कुणाच्या बापाला कळत नाही."

"दुसरा म्हणजे कुणाचा?"

गॅरंटी तिच्याकडे बघतच राहिला. "कुणाचा काय? तुमचा. तुमच्याशिवाय मी दांडे घेतो कुणाकडून? तुमचा एक दांडा परत आलेला नाही वहिनी. अगदी दादांच्या हातासारखा हात आहे तुमचा."

परतीच्या वाटेवर कॉइलवाली एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मी एकशे चाळीसवर थांबते. घंटी वाजली की थांबते." लेक तिचा दंड धरून चालत होती. रस्त्यावर लख्ख दुपार होती, भाजीवाला भाव सांगत होता, शाळेतली पोरं घरी चालली होती, आणि त्या दोघींना मात्र थंडी वाजत होती.

दुकानात आल्यावर लेकीनं फळीवर ठेवलेले तयार दांडे एकेक करून मीटरवर लावले. आईनंच कालपरवा गुंडाळलेले, अजून न विकलेले. डिमर दोनशे तीसवर. पहिला चारवर थांबला. दुसरा चारवर. तिसऱ्याला आईनं तोंड फिरवलं.

"तरीच तार लवकर संपते," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मी तारवाल्याशी भांडले. वजनात मारतोस म्हणाले त्याला."

"आई, सवय असेल गं," लेक म्हणाली. तिला स्वतःलाच ते पटत नव्हतं. "इतकी वर्षं त्यांना बघितलंस. हाताला लागलं असेल आपोआप. तू माझ्यासमोर एक गुंडाळ बरं. मी नुसती बघते."

कॉइलवालीनं कोरा दांडा चढवला, तार अडकवली, मूठ धरली. मूठ कोमट होती. ती फिरवू लागली आणि वेढ्याशेजारी वेढा बसू लागला. घंटी वाजली. तिनं नेहमीसारखा डावा हात मागच्या खिळ्यावरच्या पक्कडीकडे नेला, मान वळवली.

"आई," लेक म्हणाली, "तुझा हात."

तिनं वळून पाहिलं. उजवा हात फिरत होता. अगदी संथपणे, तिच्या नेहमीच्या घाईनं नव्हे. ती आपल्याच हाताकडे परक्याच्या हाताकडे पाहावं तशी बघत राहिली. थांब, असं ती मनात म्हणाली. हात थांबला नाही. लेकीनं झटकन तिचं मनगट पकडलं, मग दोन्ही हातांनी पकडलं, पाय रोवून मागे ओढलं. कारखान्यात लोखंड उचलणारी धडधाकट पोर, पण तिच्या पकडीतून मनगट शांतपणे पुढे जात राहिलं, मुठीबरोबर गोल फिरत राहिलं. बारावा वेढा बसला आणि हात आपणहून थांबला.

लेकीची पाचावर धारण बसली होती. ती भिंतीला टेकून उभी राहिली. "आई, चल. आत्ताच्या आत्ता चल इथून. सामान राहू दे."

कॉइलवाली मात्र हलली नाही. हाताच्या पाठीवर तिला वजन जाणवत होतं, कोरडं, ऊबदार, घट्टे पडलेल्या बोटांचं. इतके दिवस ते होतं आणि तिनं त्याला आपलाच हात समजून घेतलं होतं.

"तू नोकरीवर जायच्या आधी माझे दांडे तपासायचीस," ती म्हणाली. "तेव्हा किती यायचे?"

"चार पॉइंट पस्तीस. नेहमी."

"शेवटपर्यंत?"

लेक आठवू लागली. "निघायच्या आदल्या दिवशी... त्या दिवशी चार आले होते. मी घाईत होते, बॅग भरायची होती. लाइन कमी असेल म्हटलं आणि सोडून दिलं. व्होल्टच्या काट्याकडे बघितलं नाही." ती भिंतीपासून पुढे आली. "आणि त्याच दिवशी तू मला म्हणालीस, आज खांदा दुखत नाहीये. आठवतं? बाबा गेल्यापासून रोज दुखायचा. म्हणालीस, आज कुणीतरी निम्मं काम करतंय असं वाटतंय."

आठवत होतं. खांदा त्या दिवसापासून दुखला नव्हता. म्हणजे तो निघून गेल्यावरही बराच काळ कुठेतरी होता, कुठे ते आता कधीच कळणार नव्हतं. आणि मग तो दिवस आला. कॉइलवालीनं मनातल्या मनात शेवटचा हिशोब केला आणि तो भागाकारासारखा नि:शेष सुटला. जिवंत माणसाचा हात त्याच्याजवळ असतो. तो हात इथे असेल, तर माणूस नाही.

"घाबरू नकोस," ती लेकीला म्हणाली. "तुझे बाबा आहेत. म्हणजे, नाहीत. गेले गं तुझे बाबा. तू निघालीस त्याच्या आदल्या दिवशी गेले."

लेक रडू लागली. कॉइलवालीनं तिला जवळ घेतलं नाही. तिला आधी एक काम उरकायचं होतं. तिनं आणखी एक कोरा दांडा चढवला, तार अडकवली आणि मूठ फिरवायला घेतली. या वेळी तिनं मान वळवली नाही. घंटी वाजली तेव्हा ती आपल्या हाताकडेच पाहत होती. हातावरचं वजन पुढे निघालं तशी ती बोलली, स्वयंपाकघरातून हाक मारावी इतक्या सहज आवाजात.

"अहो, पुरे आता. दमला असाल."

मूठ थबकली. क्षणभर हातावरचा भार तसाच राहिला, जणू कुणी विचार करत होतं. मग तो हलका झाला आणि उतरला. मूठ हाताखाली हळूहळू गार होत गेली, बाकीच्या लोखंडाइतकी गार, आणि तिच्या खांद्यात एक जुनी कळ उठली.

"तपास," तिनं लेकीला सांगितलं. "माझा दांडा मी लावायचा नसतो."

लेकीनं डोळे पुसले आणि वायरी जोडल्या. आधी व्होल्टकडे नीट पाहिलं. दोनशे तीस. मग बटण दाबलं. काटा उठला, चारवर आला, चार ओलांडून पुढे गेला आणि थांबला.

"चार पॉइंट पस्तीस," लेक म्हणाली.

"बरोबर आहे," कॉइलवाली म्हणाली. दुखरा खांदा दुसऱ्या हातानं धरून ती मुठीशेजारी खाली बसली, आणि तो गेल्यापासून आज पहिल्यांदा ढसाढसा रडली.